वेतन ठरवणारा कायदा किंवा नियम घटनाबाह्य ठरू शकतो का?

हो, ठरू शकतो. पण ‘पगार कमी आहे’ एवढ्यावर नाही. सर्वांत भक्कम आधार म्हणजे आधीच मिळालेला हक्क मागच्या तारखेपासून काढून घेणं. रेल्वेने डिसेंबर 1988 मध्ये नियम बदलून रनिंग स्टाफच्या (गाडी चालवणारे, गार्ड वगैरे) पेन्शनसाठी धरायच्या भत्त्याची 75 टक्क्यांची मर्यादा पूर्वलक्षी प्रभावाने घटवली. रंगधामय्या प्रकरणात (1997) सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो पूर्वलक्षी भाग रद्द केला. पुढच्या काळासाठी बदल करायला मात्र सरकार बरंच मोकळं असतं, हा फरक याचिकेत स्पष्ट मांडाच. दुसरा आधार घटनेच्या कलम 14 चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा: एकाच वर्गातल्या लोकांत मनमानी तारखेने भेद. नाकरा निकाल (1982) याचाच, पण प्रत्येक कट-ऑफ तारीख त्याने रद्द ठरत नाही. आर्थिक भाराचं कारण न्यायालयं अनेकदा मान्य करतात.

थेट उच्च न्यायालयात जाऊ नका. केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी आधी ‘कॅट’ (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांनी ‘मॅट’ (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) गाठायचं. एल. चंद्रकुमार निकालानुसार (1997) नियमांची वैधता तिथेही तपासता येते. त्यानंतर उच्च न्यायालयाचं खंडपीठ. न्यायाधिकरणाच्या कक्षेत न येणाऱ्या सेवांना हा टप्पा लागू नाही.