दोन स्क्रूंवर ८० किलोचा माणूस उभा राहील का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आमचे मिस्टर जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) बाईकवरून पडले, पेल्विसचं, म्हणजे कमरेखालचं हाड मागच्या बाजूला मोडलं. ऑपरेशन करून मागे फक्त दोन स्क्रू टाकलेत, प्लेट वगैरे काही नाही. आता पाच आठवडे झाले, दुखत नाही म्हणून वॉकर सोडायला बघतायत, वर भांडुपवरून लोकलने ऑफिसला जायचं म्हणतात. सासूबाईंना भीती की ८० किलोच्या माणसाचे दोन स्क्रू तुटले तर? – एक वाचक, भांडुप

उत्तर: ताई, सासूबाईंची भीती रास्त आहे, फक्त त्यांना धातूची काळजी आहे आणि मला हाडाची. हे स्क्रू साधारण साडेसहा ते सव्वासात मिलिमीटर जाड असतात, टायटॅनियमचे किंवा स्टीलचे, सहसा एका झटक्यात तुटत नाहीत. आधी सुटते ती हाडातली पकड. जुन्या चाळीच्या भुसभुशीत भिंतीत शेल्फ लावलंय आणि स्क्रू शाबूत पण भिंतच सोडून दिली, तसंच. सॅक्रमच्या, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या, बाजूचा भाग आतून पोकळसर असतो, म्हणून सर्जन स्क्रूचे आटे मधल्या घट्ट भागात जातील असं बघतात, कधीकधी लांब स्क्रू थेट पलीकडच्या हाडापर्यंत नेतात. स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर (चकती) असतो तोही याचसाठी, डोकं हाडात रुतू नये म्हणून. वय झालेल्या, हाडं ठिसूळ असलेल्या पेशंटमध्ये कधी स्क्रूभोवती हाडासाठीचं खास सिमेंटसुद्धा भरतात.

दोन का, तर एकाच स्क्रूभोवती मोडलेला तुकडा फिरू शकतो, दुसरा टाकला की ते फिरणं बरंच आटोक्यात येतं. आणि प्लेट नाही म्हणजे काम कमी केलं असं अजिबात नाही हो. प्लेटला मागे मोठा छेद लागतो, तिथे जखमेचा त्रास होऊ शकतो. स्क्रू छोट्या छेदातून, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) बघत बघत जातात, आणि पुढून पायाची नस, बाजूला सॅक्रमच्या नसा, मधली वाट काही मिलिमीटरची, ते सोपं काम नाहीये.

आता मिस्टरांना हे वाचून दाखवा. साधं चालतानासुद्धा खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच पटीच्या आसपास जोर येतो, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०० किलो धरा. हा भार जन्मभर पेलायला ते स्क्रू नाहीतच, हाड जुळेपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवणं एवढंच त्यांचं काम. हाड जुळलंच नाही तर रोज थोडं थोडं वाकून चांगला धातूही थकतो आणि मग तुटतो. फ्रॅक्चर उभं असेल, म्हणजे एक बाजू वर सरकली असेल, तर हा धोका जास्त, तुमच्या सर्जनना हे नक्की विचारा. दुखत नाही म्हणजे हाड जुळलं असं नसतं. वजन टाकायला सहसा ६ ते १२ आठवडे थांबवतात, आणि ते एक्स-रे बघून ठरतं, ऑफिसची रजा बघून नाही. सीएसएमटी फास्ट लोकलमधले धक्के तर आत्ता विसराच. तंबाखू-सिगरेट असेल तर बंद, हाड जुळायला उशीर होतो.

कमरेत नवीन कटकट आवाज, पाय आखूड वाटणं, पाऊल बधिर होणं, पायाचा अंगठा वर न उचलला जाणं, लघवीला त्रास, यातलं काहीही झालं किंवा पोटरी सुजली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

स्क्रू नंतर काढावे लागतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचं पत्र त्याचंच येणार. बहुतेक वेळा नाही, टोचत नसतील तर राहू देतात.