शहानिशा स्वयंसेवकांनी करू नये

प्रश्न : उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत बचत गटातील काही महिला आणि मंडळाचे तरुण बालसंरक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून पुढे आले आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. एखाद्या मुलावरील अत्याचाराची गोष्ट कानावर आल्यास आधी शहानिशा करावी आणि मगच पोलिसांकडे जावे, असे बहुतेकांचे मत आहे. ते योग्य आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, आणि प्रशिक्षणाची सुरुवात येथूनच करावी. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले असेल किंवा तो घडेल अशी भीती वाटत असेल, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. स्पर्श कपड्यांवरून झाला म्हणजे पोक्सोचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा समज २०२१ च्या नागपूर खंडपीठाच्या निकालामुळे कोणाच्या मनात उरला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल त्याच वर्षी रद्द केल्याचे आवर्जून सांगावे.

व्याख्यानांपेक्षा सरावाला अधिक वेळ द्यावा. "काकू, सांगते, पण आईला सांगू नका," असे मूल म्हणाले की "बरं, नाही सांगत" हे उत्तर सहज तोंडी येते, आणि ते वचन पाळता येत नाही. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. पण मदत करू शकतील अशा माणसांना मला हे सांगावं लागेल," एवढे म्हणून थांबावे. "अमक्या काकांनीच केलं ना?" यासारखा प्रश्न मुलाच्या तोंडी आपले शब्द घालतो आणि पुढे न्यायालयात त्याच्याच जबाबाला बाधा आणतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवावेत.

खरी कसोटी त्यानंतर लागते. आरोपी बहुधा ओळखीचाच असल्याने वस्तीतील वजनदार मंडळी "घरातल्या घरात मिटवा" म्हणून दबाव आणतात, आणि पोलीस ठाण्याच्या धास्तीने पालकही माघार घेतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यावा, अशी तरतूद असल्याचे त्यांना समजावून सांगावे. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन मारहाण किंवा उपासमारीच्या प्रकरणांतही उपयोगी पडते.

मुलाचे नाव किंवा छायाचित्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये, आणि कोणत्याही स्वयंसेवकाने मुलाला बंद खोलीत एकट्याने भेटू नये. दुसरी अट तरुणांना अपमानास्पद वाटेल; तरीही ती सर्वांना सारखीच लागू करावी.