छोट्या खासगी विमानाने उड्डाण करण्यापूर्वी नोटॅम कसे तपासायचे?

नोटॅम म्हणजे धावपट्टी बंद, हवाई हद्द बंद अशा बदलांबद्दल वैमानिकांसाठी निघणाऱ्या अधिकृत सूचना. निघायचा आणि उतरायचा विमानतळ एवढंच बघून बहुतेक जण थांबतात, घोळ तिथेच होतो. वाटेतला आणि पर्यायी विमानतळ तर बघाच, पण पूर्ण एफआयआरचे (उड्डाण माहिती क्षेत्र, म्हणजे हवाई हद्दीचा मोठा विभाग) नोटॅमही काढा. महाराष्ट्रात उडत असाल तर मुंबई एफआयआर, कोड व्हीएबीएफ. गोळीबाराचा सराव, तात्पुरती बंद केलेली हवाई हद्द असल्या गोष्टी विमानतळाच्या यादीत सापडतीलच असं नाही.

दुसरं, वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. 'बी' रकान्यात (सूचना लागू होण्याची वेळ) 2503091900 दिसलं की आपण 9 मार्च 2025, संध्याकाळी सात असं वाचून मोकळे होतो. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा: 10 मार्च, रात्रीचे साडेबारा. तारीखच बदलली! (मी अजूनही हे कागदावर लिहून काढतो, तोंडी हिशोब नको.) 'डी' रकाना असेल तर रोजच्या ठरावीक वेळा त्यात असतात. 'सी'मध्ये (सूचना संपण्याची वेळ) वेळेपुढे ईएसटी (एस्टिमेटेड) असेल तर ती अंदाजे. ती वेळ उलटली म्हणून धावपट्टी उघडली असं धरू नका, रद्द केल्याचा किंवा बदली नोटॅम शोधा.

आदल्या रात्री एकदा वाचा, इंजिन सुरू करायच्या आधी पुन्हा. शंका आली तर सरळ ब्रीफिंगला (वैमानिकांना उड्डाणपूर्व माहिती देणारं कार्यालय) फोन लावा.