जुन्या राजदूतची पेट्रोल टाकी गळते. गावातल्या वेल्डरकडून वेल्डिंग करून घेऊ का?

तुमचा प्रश्न असा: राजदूत आठ वर्षं खळ्यात पडून होती, टाकी खालच्या शिवणीवर पाझरते, आणि ट्रॉल्या-नांगर जोडणारा वेल्डर म्हणतो, "टाकी कोरडीठाक आहे, दोन मिनिटांचं काम." भाऊ, आज त्याला टाकीला हात लावू देऊ नका.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. पेट नेहमी वाफ घेते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एका ठिणगीने स्फोट होतो. तेरा लिटरच्या टाकीत एवढी वाफ व्हायला चमचाभर पेट्रोल पुरतं. आणि ती 'कोरडी' नसतेच. पेट्रोल उडालं तरी तळाशी डिंकासारखा थर उरतो. राजदूत टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलात ऑइल मिसळलेलं. ते शिवणीच्या घडीत मुरून बसतं. वेल्डिंगची उष्णता लागली की हे सगळं पुन्हा वाफ सोडतं. वास येत असेल तर टाकी नक्कीच धोक्याची, पण वास येत नाही म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीलाही हेच लागू आहे. डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) किमान ३५ अंश धरलेला असतो, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो.

म्हणून आधी पाणी, आग सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा आगीची गरजही पडत नाही.

बॅटरी काढा, टाकी उतरवून उघड्या जागी न्या. उरलेलं पेट्रोल जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या डब्यात काढा. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत सरकते, त्यामुळे चूल, बिडी, मोटरचा स्टार्टर लांब हवा. झाकण आणि कॉक काढून पहिलं धुणं थंड पाण्याचंच करा. थेट गरम पाणी ओतलं तर वाफ भसकन बाहेर येते. मग तेरा लिटर गरम पाण्यात पाव किलो धुण्याचा सोडा आणि दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड घालून टाकी काठोकाठ भरा. तीन-चार तास ठेवा, अधूनमधून कुशीवर, पालथी करा, मग खळबळून ओता. असं तीनदा. आतल्या पत्र्यावर पाणी थेंब न होता सारखं पसरलं, म्हणजे तेल गेलं. ओतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नका.

आता गंज. वीसेक नट आत टाकून टाकी हलवा. नट मोजून टाका आणि मोजूनच काढा. मग लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोच्या वर सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून भरा आणि १२ ते २४ तास ठेवा. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, ते गंजाबरोबर पातळ पत्राही खातं. ओतल्यावर लगेच सोड्याच्या पाण्याने धुवा. बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्याने करा आणि तसंच रणरणत्या उन्हात वाळवा. इथे उशीर केला तर काही मिनिटांतच नवा तांबूस गंज धरतो.

गंज निघाला की आणखी भोकं दिसतील. ती गंजानेच बुजलेली होती, घाबरू नका. तोंडं रबराने बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा, फार तर २ पीएसआय, आणि वरून साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर लावला तर टाकी फुगून कायमची बिघडते.

भोक टाचणीएवढं आणि भोवतीचा पत्रा टणक असेल तर कथलाचा डाग द्या. कथील-शिशाचा डाग १९० अंशांच्या आसपास वितळतो. डाग द्यायचं तांब्याचं अवजार लांबच्या भट्टीत तापवून आणायचं, टाकीजवळ ज्योत न्यायची नाही. हे काम रेडिएटर दुरुस्त करणारे उत्तम करतात. धुळ्याला आग्रा रोडवर चौकशी करा. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर डाग टिकत नाही, तिथे ठिगळच हवं. ठिगळ पितळी गॅस वेल्डिंगने लावा. काडीचं आर्क वेल्डिंग मिलिमीटरभर पत्र्याला नवं भोक पाडतं. ठिगळाआधी धुतलेल्या टाकीत तळाच्या कॉकच्या भोकातून आर्गॉन किंवा सीओटू (न जळणारे वायू) मिनिटाला १० लिटरने सात मिनिटं सोडा, वरचं तोंड उघडं ठेवा, आणि काम चालू असताना मंद धार सुरू राहू द्या. त्यासाठी आग विझवायचा सिलिंडर मारू नका, त्याच्या झोताने स्थिर वीज तयार होते. काही जण सायलेन्सरचा धूर भरतात. त्यात ऑक्सिजन आणि न जळलेलं पेट्रोल दोन्ही असू शकतं, भरवसा ठेवू नका.

एम-सील हा घरी पोचेपर्यंतचा उपाय. आतून लायनर लावायचा असेल तर इथेनॉलला टिकणारा इपॉक्सीचाच घ्या, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते साधे लेप व जुनी रबरी नळी सोलून काढतं. नळी आणि फिल्टर नवे टाका, झाकणातलं हवेचं भोक तारेने मोकळं करा. मग दोन लिटर पेट्रोल घालून टाकी रात्रभर उघड्या जागी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर डाग नसेल तरच गाडीवर चढवा.