जुन्या पोर्श ९११ कारचा गिअरबॉक्स उघडलाय, पिनियन डेप्थ (पिनियन गिअर क्राउन गिअरच्या किती जवळ बसतो ते अंतर) कशी सेट करायची?

सगळ्यात आधी सांगा, क्राउन-पिनियन (चाकांकडे ताकद नेणारी शेवटची गिअरजोडी) तेच जुनं आहे का? बेअरिंग, केसिंग पण तेच असेल तर जुने शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) जपून ठेवा, बहुतेक तेच परत बसतात. काही बदललं असेल तर मात्र मोजावंच लागतं, अंदाजपंचे चालत नाही.

पिनियनच्या तोंडावर बारीक आकडा कोरलेला असतो, तो ठरलेल्या मापापासूनचा शतांश मिलीमीटरमधला फरक, म्हणजे १० लिहिलं असेल तर ०.१० मिमी. मोजायच्या आधी बेअरिंग पूर्ण बसवा आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळा, नाहीतर रीडिंग दर वेळी वेगळं येतं, मी याच्यात अख्खा रविवार घालवलाय! डेप्थ आधी, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) नंतर, उलटं केलंत तर सगळं परत खोलावं लागतं.

शेवटी दातांना मार्किंग ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून फिरवून बघा. क्राउनच्या दाताच्या मुळाशी ठसा आला तर पिनियन क्राउनकडे जास्त आत गेलंय, दाताच्या वरच्या कडेकडे आला तर बाहेर राहिलंय. हव्या जाडीचा शिम मिळाला नाही तर पुण्याजवळच्या भोसरीत सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडून जाड शिम घासून घ्या, फक्त मायक्रोमीटर स्वतःचा न्या.