हात न लावता कॅटॅलिस्ट?

प्रश्न : ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात मी ऑपरेटर होतो. हायड्रोजनेशनला, म्हणजे रेणूत हायड्रोजन जोडायला, रॅनी निकेल हा कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) वापरायचो. पाण्याखाली ठेवावं लागे, सुकलं की पेट घेई. आता माझी पुतणी हायड्रोजनसाठी एकेका अणूचा कॅटॅलिस्ट शोधते म्हणे, तोही नुसता कॉम्प्युटरवर. हे खरं मानायचं का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : काका, अर्धं माना.

तुमचं रॅनी निकेल स्पंजासारखं सच्छिद्र, तरी आतले कितीतरी अणू नुसती हजेरी लावतात. काम करतात ते पृष्ठभागावरचे. निकेल स्वस्त, म्हणून चालतं. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलायझर; अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरच्या कॅथोडवर, म्हणजे हायड्रोजन निघतो त्या टोकावर, ते आजही वापरतात. पण पीईएम (आम्लधर्मी पडद्याच्या) इलेक्ट्रोलायझरला महागडं प्लॅटिनम लागतं, तिथे ही चैन परवडत नाही. म्हणून ग्राफीनच्या (कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ) थरात चार नायट्रोजनच्या मधोमध धातूचा एकच अणू अडकवायचा. नायट्रोजनने धरलं नाही तर अणू सरकत सरकत एकत्र येतात, पुन्हा गोळाच.

मीही हीच गणितं करते. रात्री घोडबंदर रोडच्या घरून जॉब लावायचा, सकाळी चहाआधी बघायचं कन्व्हर्ज झाला का, म्हणजे गणित एका उत्तरावर स्थिरावलं का. बरेचदा झालेला नसतो. झाला तर एक आकडा हाती येतो : हायड्रोजन त्या अणूला किती घट्ट चिकटतो. फार घट्ट तर सुटत नाही, फार सैल तर बसतच नाही, म्हणून तो आकडा शून्याजवळ हवा. प्लॅटिनमचा उणे 0.09 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) आसपास येतो. मग कोबाल्ट, लोखंड, मॉलिब्डेनम आळीपाळीने बसवून बघायचे. ज्या पद्धतीने हे होतं (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) तिच्यासाठी वॉल्टर कोन यांना 1998 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गोम पुढे आहे. साध्या तापमानाला 0.06 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इकडचं तिकडे झालं की क्रियेच्या वेगात दहापट फरक पडू शकतो, आणि या गणिताची स्वतःचीच चूक 0.1 ते 0.2 असू शकते. तेव्हा पुतणी ‘हा प्लॅटिनमच्या तोडीचा’ म्हणाली तर लगेच मान डोलावू नका. ‘हे धातू कामाचे नाहीत, यांच्यामागे लागू नका’ म्हणाली तर ऐका. आमचा खरा उपयोग तेवढाच, आणि तो थोडाथोडका नाही.

पहिल्या बॅचला कॅटॅलिस्ट कसा चालला हे कुणीही सांगेल, पुढच्या बॅचेसना तो कसा दमतो ते तुम्ही पाहिलंय. तिला तेच विचारा : आम्लात, व्होल्टेज लावल्यावर अणू जागेवर राहतो की विरघळून जातो? याचंही गणित होतं. वेळखाऊ आहे, म्हणून पुष्कळजण टाळतात.