फिल्टरचे सगळे कप्पे एकाच दिवशी धुवायचे नसतात

माशांच्या टाकीचं पाणी अचानक का बिघडलं आणि फिल्टरचे कप्पे कोणत्या क्रमाने लावायचे, या कोथरूडहून विचारलेल्या तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. रविवारी तुम्ही कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) उघडून स्पंज आणि सच्छिद्र सिरॅमिक रिंगा नळाखाली लख्ख धुतल्या, कापूस नि कोळसा नवा घातला आणि बुधवारपर्यंत पाणी दुधाळ होऊन गोल्डफिश वर येऊन धापा टाकायला लागले. मोटार ठीक आहे, मासेही आजारी नसावेत. फिल्टरमधले जिवाणू गेलेत, एवढंच.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया पाण्यात येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि पाणी बदललं की ते कमी होतं. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात, रिंगा आणि स्पंजला चिकटून राहतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतं ते जिवाणू मारायलाच. तुमचे जिवाणू चांगले आहेत हे त्याला कसं कळणार?

आज पाव भाग पाणी बदला, अँटी-क्लोरिन (क्लोरिन घालवणारं द्रावण) घालून. उद्या पुन्हा. खाणं दोन दिवस बंद; धडधाकट गोल्डफिशला त्याने काही होत नाही. हवेचा पंप रात्रभर चालू राहू द्या. कोणाकडे जुनी, रोगराई नसलेली टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागा आणि त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, म्हणजे त्यातले जिवाणू तुम्हाला मिळतील. वाळला तर उपयोग नाही.

आता कप्प्यांचा क्रम. ‘खालून वर’ हे दुकानातलं पाठ केलेलं उत्तर बहुतेक कॅनिस्टरना लागू पडतं, कारण त्यांत पाणी तळाशी जाऊन वर चढतं. टाकीवर ठेवायच्या टॉप फिल्टरमध्ये ते वरून पडतं, म्हणून तिथे सगळं उलटं. पाणी आधी कुठे शिरतं ते पाहा: तिथे मोठ्या छिद्रांचा स्पंज, मग बारीक छिद्रांचा, मग रिंगा, शेवटी कापसाचा पातळ थर. रिंगा आधी ठेवल्या तर विष्ठा थेट त्यांच्यावर बसते, छिद्रं बुजतात आणि महागाच्या रिंगा नुसत्या खड्यांसारख्या पडून राहतात.

स्पंज ट्रेपेक्षा किंचित मोठा कापा. कडेला बोटभर फट राहिली तर पाणी तिथूनच पळतं आणि मधला स्पंज कोराच्या कोरा निघतो. कापूसही दाबून कोंबू नका.

धुताना टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्या, स्पंज त्यात पिळा. रिंगा जाळीसकट दोन-तीनदा बुचकळा, बस. गाळ निघाला पाहिजे, तपकिरी बुळबुळीत थर राहिला पाहिजे. तो थर म्हणजेच तुमचा फिल्टर. स्पंज धुतलात त्या आठवड्यात रिंगांना हात लावू नका. वेळापत्रकापेक्षा फिल्टरमधून टाकीत पडणारी धार पाहा; ती मंदावली की आधी कापूस तपासा, बहुधा तोच चोंदलेला असतो. तो खुशाल फेकून द्या.

कोळसा कायम लागतो हे मला पटत नाही. औषधाचा कोर्स संपल्यावर उरलेलं औषध किंवा लाकडाचा पिवळा रंग काढायला तो छान, पण काही आठवड्यांत त्याची ताकद संपते. औषध चालू असताना तो आत राहिला तर औषधच शोषून घेतो. त्या जागी रिंगा भरा.

पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, म्हणून गुरुवार सांभाळा. वीज गेली की बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू गुदमरतात. वीज फार वेळ गेली असेल तर मोटार लगेच चालू करू नका. आतलं पाणी आधी हुंगा, सडका वास आला तर ओतून द्या. पाणीही गुरुवारीच बंद असलं तर शुक्रवारी पहिलं, गढूळ येणारं पाणी टाकीत घेऊ नका.

अमोनिया शोषायला कोणी झिओलाइट नावाचं खनिज सुचवेल. चार दिवसांची सोय म्हणून ठीक आहे. पण गोल्डफिशच्या टाकीत खडे मीठ टाकायची आपल्याकडे सवय आहे, आणि मिठाच्या पाण्यात झिओलाइट शोषलेला अमोनिया परत सोडतं. तुम्ही मीठ घातलं असेल तर झिओलाइट आणूच नका.